शंखी गोगलगाय : पेरणीआधीच्या पंधरा दिवसांचं काम

२०२२ च्या खरिपात आमच्या रानात सोयाबीन चांगलं उगवून आलं होतं. चौथ्या दिवशी सकाळी गेलो तर बांधाकडच्या सात-आठ ओळी साफ. बी उकरलेलं नव्हतं, म्हणजे पाखरं नव्हेत. वाणी (पैसा किडा) म्हणावं तर वाणी रोप कुरतडतात, पण सहसा असा जमिनीसरशी कोंब छाटत नाहीत. दादा (वडिलांना आम्ही दादाच म्हणतो) उकिडवे बसले आणि एका ढेकळाकडे बोट दाखवलं. ढेकळावरून चकचकीत पट्टी गेली होती, वाळलेल्या शेंबडासारखी. "रातच्याला बॅटरी घेऊन येऊ," एवढंच म्हणाले.

रात्री नऊला बॅटरी मारली आणि अंगावर काटा आला. बांधाच्या गवतातून रानाकडे गोगलगायींची नुसती रीघ लागलेली. एकेका रोपावर दोन-दोन बसलेल्या. कान दिला तर बारीक खरखरही ऐकू येत होती. त्या वर्षी लातूर, बीड आणि धाराशिव या तीन जिल्ह्यांत असंख्य शेतकऱ्यांची हीच गत झाली. दुबार पेरण्या झाल्या, त्याही काहींच्या गेल्या, आणि सरकारला गोगलगायीच्या नुकसानीपोटी वेगळी मदत जाहीर करावी लागली.

दुसऱ्या दिवशी आम्ही जे केलं ते बहुतेक जण करतात. तालुक्याच्या एका दुकानात गेलो, दुकानदाराने दोन भारी कीटकनाशकं दिली, आम्ही फवारली. गोगलगायींना ढिम्म फरक पडला नाही. पडणारही नव्हता. गोगलगाय हा किडाच नाही. ती शिंपल्या-कालवांच्या कुळातली, मृदुकाय. किड्यांसाठी केलेली बहुतेक औषधं तिच्या अंगावरच्या बुळबुळीतून वाहून जातात आणि मरतात ते तिला खाणारे किडे. पैसे गेले ते गेलेच, वर तिचे शत्रूही आम्हीच मारले.

त्यानंतरच्या हंगामांत जे जमलं, जे फसलं, ते इथे मांडतो. आधी एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना ती डोक्यात राहील : गोगलगाय पिकात दिसली की उशीर झालेला असतो. खरं काम पहिला पाऊस पडल्यापासून पेरणी होईपर्यंतच्या दिवसांत असतं, आणि ते बांधावर असतं.

ही आली कुठून

आपल्याकडे धुमाकूळ घालणारी ही मोठी तपकिरी गोगलगाय मूळची पूर्व आफ्रिकेची. शास्त्रीय नाव लिसाकॅटिना फुलिका, जुन्या पुस्तकांत अ‍ॅकॅटिना फुलिका. आफ्रिकेतून ती मॉरिशसला पोचली आणि तिथून १८४७ मध्ये विल्यम बेन्सन या शंखशिंपल्यांच्या अभ्यासकाने आणलेल्या गोगलगायी कलकत्त्याच्या चौरंगी भागातल्या एका बागेत सुटल्या. हौस एका माणसाची, भोग सगळ्या देशाचा. मुंबई-ठाण्याच्या सोसायट्यांत पावसाळ्यात भिंतीवर चढलेली जी हातभर (बरं, बोटभर म्हणू) गोगलगाय दिसते, ती हीच. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जीवांच्या यादीत तिचा नंबर आहे.

पाचशेहून जास्त प्रकारच्या वनस्पती ती खाते. सोयाबीन, भाजीपाला, पपई, केळी, झेंडू, काही म्हणून वर्ज्य नाही. शंख बांधायला तिला चुना लागतो, म्हणून भिंतीचा गिलावाही खरवडते. प्रत्येक गोगलगाय नर आणि मादी दोन्ही असते, त्यामुळे जोडीतल्या दोघीही अंडी घालू शकतात. एका खेपेला शंभर ते चारशे अंडी, आणि वर्षात अशा अनेक खेपा. एकदा मिळालेलं बीज ती कित्येक महिने अंगात साठवून ठेवते, म्हणजे एकटी आलेलीही पुरते. साधारण सहा महिन्यांत पिल्लू अंडी घालायला तयार होतं आणि पाच-सहा वर्षं सहज जगतं.

आता हिशेब करा. बांधावर पन्नास मोठ्या गोगलगायी आहेत आणि तुम्ही त्या पहिल्या खेपेआधी उचलल्या, तर किमान पाच हजार अंडी वाचली. तीच अंडी उबवून झाल्यावर रानभर पसरलेली पाच हजार पिल्लं वेचायला किती मजूर लावाल?

आधी ओळख, मग बादली

दिसेल ती गोगलगाय मारायची असं करू नका. सह्याद्रीत आणि पठारावर कितीतरी देशी जाती आहेत. त्यातल्या बऱ्याच फक्त पालापाचोळा, शेवाळ, बुरशी खाऊन तो कुजवायचं काम करतात. काही तर एखाद्या डोंगरापुरत्याच आहेत. आंबोलीत सापडलेली अर्ध्या शंखाची एक गोगलगाय, वराडिया आंबोलिएन्सिस, शास्त्राच्या वहीत नोंदली गेली ती २०२१ मध्ये. म्हणजे आपल्याच घाटात काय काय आहे हे अजून मोजून व्हायचंय, आणि तेवढ्यात मिठाची पिशवी घेऊन आपण निघालोत.

आफ्रिकी गोगलगाय ओळखायच्या खुणा अशा. शंख लांबट, भोवऱ्यासारखा टोकदार, रुंदीच्या जवळजवळ दुप्पट उंच. रंग तपकिरी, त्यावर उभे फिकट-गडद पट्टे. पूर्ण वाढलेल्या शंखाला सात ते नऊ वेढे. अंग करडं-तपकिरी आणि खरबरीत. आपल्या बऱ्याच देशी गोगलगायी चपट्या असतात, चकलीसारख्या. लांबट शंखाच्या देशी जाती आहेत, पण बहुतेक लहान.

पिल्लं असतील तर घोळ होतो. तेव्हा शंख हातात घ्या, टोक वर आणि तोंड स्वतःकडे. तोंड उजव्या हाताला आलं तर आफ्रिकी असू शकते. डाव्या हाताला आलं तर ती नक्कीच देशी, तिला होती तिथे सोडा. सह्याद्रीत एरिओफँटा नावाच्या देशी कुळात असे डावखुरे शंख सापडतात. उजवं तोंड निघालं तर शंखाच्या आत डोकावा. मधला खांब तोंडाच्या तळाशी येतो तिथे तो आफ्रिकी गोगलगायीत एकदम छाटल्यासारखा तुटक असतो. ही खूण एकदा डोळ्यात बसली की अंगठ्याच्या नखाएवढं पिल्लूही ओळखता येतं. आमच्या घरात हे सगळ्यांत आधी जमलं ते धाकटीला, ती तेव्हा चौथीत होती.

ओढ्यातल्या, विहिरीतल्या गोल शंखाच्या गोगलगायींना हात लावू नका. त्या पाण्यातल्या, वेगळ्या. त्यांच्यावर मुग्धबलाकासारखे पक्षी जगतात. बिनशंखाची काळी-तपकिरी गोगलगाय, जिला काही जण शेंबडी म्हणतात, तीही रोपं खाते. तिचा बंदोबस्त खाली सांगितलेल्या वेचणीतच होतो.

"गोगलगाय नि पोटात पाय" असं आपण साळसूद माणसाला म्हणतो. शास्त्रज्ञांनी या अख्ख्या वर्गाला जे नाव दिलंय त्याचा अर्थही तोच निघतो : पोट हाच पाय. म्हण करणाऱ्याने गोगलगाय उलटी करून बघितली असणार.

उन्हाळा : ती झोपलेली असताना

पाऊस संपला की हिवाळ्यापासून ती दडी मारते. तोंडावर पांढरट पापुद्रा ओढून घेते आणि महिनोन्‌महिने पडून राहते. तेव्हा ती पळत नाही, खात नाही, अंडी घालत नाही. अशा वेळी सापडली तर सोन्याहून पिवळं.

शोधायचं कुठे? बांधावरच्या दगडांच्या ढिगात, घायपाताच्या बुडाशी, जुन्या कडब्याच्या गंजीखाली, विहिरीच्या पडक्या कठड्याच्या फटीत, शेणखताच्या ढिगाच्या कडेला. आम्हाला सगळ्यांत जास्त कुठे सापडल्या सांगू? लिंबाखाली गुंडाळून ठेवलेल्या ठिबकच्या नळ्यांत. भेंडोळ्याच्या आत गार असतं, कुणी हात लावत नाही. एका भेंडोळ्यातून अर्धी बादली निघाली. ते भेंडोळं मागच्या वर्षी आम्ही दोन शेजाऱ्यांना वापरायला दिलं होतं, हे आठवून मग गप्प बसलो.

खोल नांगरट करा आणि रान तापू द्या. जमिनीत दडलेल्या गोगलगायी नि राहिलेली अंडी वर येऊन उन्हाने मरतात. बांध मात्र नांगरता येत नाही, तिथे हातानेच काम. बांधावरचं सगळं गवत जाळून टाकायचा मोह होईल. आम्ही एकदा जाळलं. गोगलगायी जमिनीत वीतभर खाली सुखरूप आणि वरचे सरडे, किडे, पाखरांची घरटी खाक. तेव्हापासून रानालगतची दोन हात पट्टी विळ्याने साफ ठेवतो, बाकीचं तसंच राहू देतो.

पहिल्या पावसापासून पेरणीपर्यंत

हेच ते दिवस. वळवाचा किंवा मृगाचा बरा पाऊस पडला, जमीन ओली झाली की दोन-तीन दिवसांत गोगलगायी तोंडावरचा पापुद्रा फोडून बाहेर पडतात. भुकेलेल्या असतात, जोड्या जमवतात आणि लगेच अंड्यांच्या तयारीला लागतात. पेरणीला पुरेशी ओल होईपर्यंत आपल्याकडे आठवडा-दोन आठवडे असतात. रान मोकळं असतं, हिरवं काही नसतं, म्हणून त्या बांधावरच एकवटलेल्या असतात. ही संधी पेरणी झाली की गेली.

पहिलं काम मोजणीचं. संध्याकाळी अंधार पडल्यावर तासाभराने बांधावर बॅटरी घेऊन पन्नास पावलं चाला आणि दिसतील तेवढ्या मोजा. वहीत तारीख आणि आकडा लिहा. चारही बांधांना हेच. कुठल्या बाजूने लोंढा आहे ते पहिल्याच रात्री कळतं. आमच्याकडे ओढ्याकडच्या बांधावर इतर तिन्ही बांधांपेक्षा जास्त निघाल्या. मग सगळी ताकद तिथे लावली.

दुसरं, बारदानं. जुनी गोणपाटं गोळा करा. साधारण दहा लिटर पाण्यात किलोभर गूळ विरघळवा, काळा गूळ चालतो, स्वस्त पडतो. त्यात गोणपाट चिंब भिजवून संध्याकाळी बांधालगत पंधरा-वीस पावलांवर एकेक अंथरा. गोडाचा वास, ओल आणि सावली, तिन्ही एकाच जागी. पपईची सालं, कोबीची पानं खाली टाकली तर आणखी बरं. सकाळी ऊन चढायच्या आत गोणपाट उलटं करा. पहिल्या सकाळी आम्ही पहिलं गोणपाट उचललं तर पालथी बाजू शंखांनी इतकी भरलेली होती की एका हाताने ते उचलेना.

गोणपाटाखालची माती बोटाने जरा उकरून बघा. अंडी तिथेच असतात, इंचभर खोल, भिजवलेल्या साबुदाण्यासारखी पण जराशी पिवळट, आकाराने ज्वारीच्या दाण्याएवढी, घोसात. दोन बोटांत दाबली की टचकन फुटतात, कारण वर चुन्याचं कवच असतं. आठ दिवसांपासून तीन आठवड्यांच्या आत पिल्लं निघतात, म्हणून दर चार-पाच दिवसांनी गोणपाटाची जागा बदलायची आणि जुनी जागा उकरायची.

तिसरं, वेचणी. हाताला हातमोजे किंवा निदान प्लास्टिकची पिशवी. पहाटे आणि सूर्य मावळल्यावर. बादलीत चांगलं खारट पाणी किंवा साबणाचं दाट पाणी ठेवायचं आणि त्यात टाकायच्या. बादलीला झाकण हवंच. पहिल्या दिवशी आम्ही झाकण ठेवलं नाही. चहा पिऊन आलो तर निम्म्या बादलीच्या काठावर आणि दोन बाहेर चालू लागलेल्या.

मीठ बादलीतच ठेवा. बांधावर मिठाची रेघ मारणारे मी पाहिलेत. पाऊस आला की ते मीठ रानात उतरतं आणि जमीन खराब होते. बादलीतलं खारं पाणीही ओढ्यात किंवा रानात ओतू नका, पडीक कोपऱ्यात खड्डा करून तिथे जिरवा.

चौथं, चुना. बांधापासून आत चार इंच रुंद चुन्याच्या फक्कीचा पट्टा मारायची शिफारस सगळीकडे असते. उपयोग आहे, पण चुना कोरडा असेपर्यंतच. एक सर आली की पट्टा संपला. आमच्या भागात जून-जुलैत चार-चार दिवसांची उघडीप मिळते तेव्हा मी मारतो. कोकणात असतो तर त्या पैशाची बारदानं घेतली असती.

पेरणीनंतरचे वीस दिवस

बीला मोड आल्यापासून पंधरा-वीस दिवस रोप नाजूक असतं. त्याच्या बीजदलांवर डल्ला पडला तर ते पुन्हा फुटत नाही. रोप चांगलं चार-सहा पानांवर गेलं की गोगलगाय पानं खाईल, पण झाड मरणार नाही. म्हणजे पहारा द्यायचा तो एवढेच दिवस. रोज संध्याकाळी बांधाकडच्या दहा ओळींत फेरी, गोणपाटं चालू, मोजणी चालू. आकडा चढायला लागला तरच पुढच्या उपायाकडे वळा.

तो उपाय म्हणजे मेटाल्डिहाइडच्या गोळ्या, २.५ टक्क्यांच्या, एकरी दोन किलो. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या सल्ल्यातही हेच औषध आणि हेच प्रमाण असतं. ढीग घालायचे नाहीत. बांधालगत आणि ओळींच्या मधल्या जागेत विखरून टाकायच्या, संध्याकाळी, पाऊस नसताना. गोगलगाय गोळी खाते, तिच्या अंगातून बुळबुळ वाहायला लागते, ती सुस्त पडते आणि अंगातलं पाणी आटून मरते. इथे एक गोम आहे. रात्रीत पाऊस झाला तर आटलेलं पाणी तिला परत मिळतं आणि सकाळपर्यंत ती चालू लागते. म्हणून गोळ्या टाकलेल्या रात्रीनंतर सकाळी सुस्त पडलेल्या वेचायलाच हव्यात. गोळ्या टाकून घरी झोपणाऱ्याचे निम्मे पैसे वाया जातात असं माझं मत आहे.

आणि या गोळ्या फार धोक्याच्या आहेत. त्यात कोंड्यासारखा चारा असतो, कुत्र्याला तो आवडतो. खाल्ल्यावर कुत्रं थरथरतं, आकडी येते, वेळेत डॉक्टर मिळाला नाही तर मरतं. कोंबड्या, मांजरं, लहान पोरं, सगळ्यांना लांब ठेवा. पालेभाजीच्या वाफ्यात टाकूच नका. ब्रिटनमध्ये २०२२ पासून मोकळ्या जागी हे औषध वापरायला बंदी आहे, ते उगाच नाही. आम्ही पहिल्या वर्षी आठ एकरांवर टाकलं. आता फक्त ओढ्याकडच्या बांधालगतच्या पट्टीत टाकतो, तेही मोजणीचा आकडा सांगेल तेव्हाच.

पीचीच्या केरळ वन संशोधन संस्थेने लोकांना एक दुसरं मिश्रण शिकवलंय. पंचवीस ग्रॅम तंबाखू दीड लिटर पाण्यात उकळून एक लिटरवर आणायची, गाळायची. वेगळ्या भांड्यात (प्लास्टिकच्या, पत्र्याच्या नव्हे) एक लिटर पाण्यात साठ ग्रॅम मोरचूद विरघळवायचं. दोन्ही एकत्र करून गोळा झालेल्या गोगलगायींवर मारायचं. चांगलं काम करतं, मात्र पिकावर उडालं तर पानं करपतात, आणि मोरचूद पाण्यात उतरलं तर मासे मरतात. गोणपाट उलटलं की त्यावर फवारा, विहीर आणि ओढ्यापासून लांब. फळबाग असेल तर झाडाच्या बुंध्याला दहा टक्के बोर्डो पेस्टचा (मोरचूद-चुन्याच्या लेपाचा) पट्टा द्या, त्यावरून ती चढायला धजत नाही.

मेलेल्यांचं काय करायचं

हा भाग कंटाळवाणा म्हणून सगळे टाळतात आणि मग गावभर वास सुटतो. दोन-तीन फूट खड्डा, त्यात मेलेल्या गोगलगायी, वर चुना, वर माती दाबून. रिकामे शंख उघड्यावर टाकू नका. पालथा पडलेला एकेक शंख म्हणजे पाण्याची वाटी, त्यात डास होतात.

हातमोज्याचं कारण फक्त किळस नाही. उंदराच्या फुफ्फुसात राहणाऱ्या एका बारीक जंताचा मधला मुक्काम गोगलगायीत असतो. तो माणसात गेला तर मेंदूच्या आवरणाला सूज येते. केरळात असे रुग्ण आढळले आहेत. उघड्या हाताने धरू नका, पोरांना शंख तोंडाला लावू देऊ नका, पावसाळ्यात कोथिंबीर-मेथी पान-पान सुटं करून धुवा. गोगलगायी हाताळल्यावर काही दिवसांनी डोकं असह्य दुखायला लागलं, मान आखडली तर डॉक्टरकडे जाताना गोगलगायींचं आवर्जून सांगा. न सांगता त्यांना ते सुचणं कठीण.

शहरातल्यांसाठी थोडक्यात

कुंडीतून येते, कुंडीतच थांबवा. रोपवाटिकेतून आणलेलं रोप दोन आठवडे बाकीच्यांपासून वेगळं ठेवा, कुंडी उचलून तळाची भोकं बघा, वरची इंचभर माती उकरा. रात्री पाणी घालू नका, सकाळी घाला. कुंडीभोवती तांब्याची पट्टी चालते. सोसायटीत मीठ फासत बसण्यापेक्षा पावसाच्या पहिल्या आठवड्यात पाच-सहा घरांनी मिळून दोन रात्री वेचणी केली तर पुढे सप्टेंबरपर्यंत निवांत. आणि "बिचारी" म्हणून पिशवीत भरून ती टेकडीवर नेऊन सोडू नका. टेकडीवरच्या देशी गोगलगायींच्या पानात तुम्ही वाटेकरी बसवताय.

फ्लोरिडात १९६६ मध्ये एका मुलाने हवाईहून तीन गोगलगायी खिशातून घरी आणल्या. आजीने त्या बागेत सोडल्या. सात वर्षांत अठरा हजारांवर सापडल्या, त्या निपटायला दहा वर्षं आणि दहा लाख डॉलरहून जास्त खर्च आला. २०११ मध्ये मायामीत पुन्हा निघाल्या, पुन्हा दहा वर्षं गेली. तिकडे राहणाऱ्या मराठी मंडळींनी अंगणात अशी दिसली तर स्वतः उपचार न करता राज्याच्या कृषी खात्याला कळवावं.

शत्रू आणून सोडायची आयडिया

गावच्या बैठकीत हा प्रश्न हमखास येतो : हिला खाणारं काही आणून सोडता येणार नाही का? हवाईने १९५५ मध्ये ते केलं. गोगलगायी खाणारी एक लांडगी गोगलगाय, युग्लँडिना, आणली. तिने आफ्रिकी गोगलगायीकडे फारसं पाहिलं नाही, लहान, मऊ, देशी गोगलगायी वेचून खाल्ल्या. पॅसिफिकमधल्या मूरिया बेटावर १९७७ मध्ये तीच सोडली आणि दहा-एक वर्षांत तिथल्या पार्ट्युला नावाच्या झाडावरच्या गोगलगायी रानातून संपल्या. प्राणिसंग्रहालयात काही ठेवल्या होत्या म्हणून ते कूळ नावाला उरलं.

आणायची गरजच नाही, शत्रू आपल्याकडे आहेत. भारद्वाज ही गोगलगाय आवडीने खातो, शंख फोडून. सकाळी तो दिसला तर दिवस चांगला जातो असं आई म्हणते. बांधावर फुटके शंख दिसले की मला तिचं म्हणणं पटतं. काजव्याची अळी तर गोगलगायींवरच वाढते. भंडारदऱ्याकडे मे-जूनच्या रात्री ज्यांचे फोटो काढायला गर्दी होते, त्यांचं बालपण गोगलगाय खाण्यात गेलेलं असतं. घुशीही खातात, पण त्यांचं कौतुक शेतकऱ्याकडून करवून घेऊ नका. या मंडळींनी विष खाऊन सुस्त पडलेली गोगलगाय उचलली तर काय, हा विचार गोळ्यांचं पाकीट फोडण्याआधी करायचा. बांधावरची एक-दोन झुडपं भारद्वाजासाठी राहू द्या.

शेजाऱ्याचा बांध

तुम्ही एकट्याने कितीही वेचल्या तरी शेजारचा बांध भरलेला असेल तर पुढच्या पावसात त्या परत. आमच्या शिवारात ओढ्याकाठची अकरा घरं आहेत. पहिल्या वर्षी चार आली. पैसे देऊन वेचून घ्यायचा प्रयोग केला, शंभर नगाला काही रुपये असा. पोरांनी उत्साहाने आणल्या, मग कुणाच्या तरी लक्षात आलं की काही जण लांबच्या शिवारातून पोती भरून आणताहेत. प्रयोग बंद. आता प्रत्येक घराने पहिल्या पावसानंतर सलग पाच संध्याकाळी आपापला बांध बघायचा एवढंच ठरलंय, आणि मोजणीची वही एकाकडेच असते.

नुकसान झालंच तर मोबाइलवर तारखेसह फोटो काढा, रात्रीचा एक नि सकाळचा एक, आणि कृषी सहायक, तलाठी यांना लगेच कळवून पंचनाम्याचा आग्रह धरा. रोपं गेल्यावर आठ दिवसांनी गेलात तर मोकळं रान दिसतं, गोगलगाय दिसत नाही.

बाहेरून येणाऱ्या मालावर नजर ठेवणं राहतं : शेणखत, उसाचं बेणं, रोपं, विटा, भाड्याने आणलेली अवजारं. ती स्वतः फार लांब चालत नाही, आपणच तिला गाडीत बसवून नेतो. यंदा बेण्याची ट्रॉली आली तेव्हा दादांनी ती रानात घेऊच दिली नाही. रस्त्याकडेला मोळ्या उतरवायला लावल्या, एकेक मोळी उभी आपटली. ड्रायव्हर वैतागला होता, नंतर स्वतःच वाकून बघायला लागला. तीन निघाल्या, चांगल्या मोठ्या. दादांनी त्या बादलीत टाकल्या, झाकण लावलं आणि झाकणावर दगड ठेवला.